ग्रेटफुल डेड ऐकायला सुरुवात कुठून करावी? टेपांचा गुंता, १९७४ ची स्पीकरची भिंत आणि झाकीरभाई

पाचवी_तार

सायकेडेलिक रॉकची कुठलीही यादी काढा, ग्रेटफुल डेड हा अमेरिकन बँड पहिल्या चार-पाचांत असतो. त्यांचा 'अमेरिकन ब्यूटी' ऐकला. गाणी सुरेख आहेत, पण सगळा मामला फोक-कंट्रीचा. सायकेडेलिक म्हणावं असं त्यात काही सापडलं नाही. लोक म्हणतात, अल्बम सोडा, कार्यक्रमांची रेकॉर्डिंग ऐका. इंटरनेट आर्काइव्हवर गेलं तर एकाच तारखेच्या सात-आठ प्रती दिसतात, पुढे एसबीडी, एयूडी, मॅट्रिक्स असं काहीबाही, आणि वर्णनात बाणांची लांबलचक माळ. त्यातली कुठली घ्यायची?

दुसरं, त्यांच्या १९७४ च्या 'वॉल ऑफ साउंड' या स्पीकरच्या भिंतीबद्दल सगळीकडे आकडेच वाचायला मिळतात, इतके वॉट आणि इतके स्पीकर. ती भिंत चालायची कशी? आणि एवढा खटाटोप करून त्याच वर्षी मोडली का?

शिवाय झाकीर हुसेन यांचा या मंडळींशी संबंध नुसत्या मैत्रीचा होता, की तो संगीतातही उतरला?

जाणकारांनी नेमकं सांगावं ही विनंती.

मागचा_बाक

'अमेरिकन ब्यूटी' नोव्हेंबर १९७० चा. त्याआधी जूनमध्ये 'वर्किंगमन्स डेड' आला होता. हे दोन्ही अल्बम म्हणजे बँडने जाणूनबुजून घेतलेलं वळण, आणि त्यामागचं एक कारण चक्क कर्ज होतं. १९६९ चा 'ऑक्सोमोक्सोआ' त्यांनी ८ ट्रॅकवर सुरू केला. मध्येच अँपेक्सचं १६ ट्रॅकचं यंत्र हाती आलं, तेव्हा केलेलं काम बाजूला ठेवून सगळं नव्याने रेकॉर्ड केलं. खर्च गेला सुमारे १,८०,००० डॉलरवर, आणि तो बँडच्या खात्यावर चढला. मग साधी गाणी, आधी पुरती तालीम आणि स्टुडिओत झटपट काम, असा रस्ता धरला. तुम्ही ऐकलंत ते या टप्प्यावरचं संगीत. सायकेडेलिक डेड त्याच्या आधी आहेत, आणि त्यानंतरही आहेत, पण स्टुडिओच्या बाहेर.

मूळ समजून घ्यायला १९६५ पाहावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोचा हा बँड, तेव्हाचं नाव 'वॉरलॉक्स'. पहिला कार्यक्रम ५ मे १९६५ ला शेजारच्या मेन्लो पार्कमधल्या एका पिझ्झाच्या दुकानात. जेरी गार्सिया ब्लूग्रासचा बँजो वाजवणारा, बॉब वियर अजून शाळकरी वयाचा, रॉन मॅकर्नन उर्फ पिगपेन ब्लूजमध्ये मुरलेला, बिल क्रॉइट्झमन ड्रमवर. थोड्याच दिवसांत फिल लेश आला. तो मूळचा ट्रम्पेटवाला, लुचियानो बेरिओकडे आधुनिक रचना शिकलेला, आणि बेस गिटार त्याने तोवर हातात धरली नव्हती. म्हणूनच त्याचा बेस पायाचा ठोका धरून बसत नाही, गिटारच्या बरोबरीने स्वतःची चाल चालतो. हे एक ध्यानात ठेवलंत तरी निम्मं संगीत उलगडतं.

त्या वर्षाच्या अखेरीस कादंबरीकार केन कीझीच्या 'ॲसिड टेस्ट' नावाच्या, एलएसडी घेऊन होणाऱ्या पार्ट्या सुरू झाल्या. कॅलिफोर्नियात एलएसडीवर बंदी आली ती ६ ऑक्टोबर १९६६ ला, तोवर हा कायदेशीर प्रकार होता. त्या जमावात बँडकडे कार्यक्रम म्हणून कुणी पाहत नव्हतं. पाच मिनिटं वाजवून थांबलं तरी चाले, दोन तास न थांबता वाजवलं तरी चाले. गाणं तीन मिनिटांत संपवायची सक्ती कुणाचीच नव्हती. अमली पदार्थाने संगीत रचलं असं म्हणणं चूक आहे. ती सक्ती उठली, आणि ज्यांचे कान मोठे होते त्यांनी त्या मोकळ्या जागेचं काहीतरी केलं.

ऐकण्याचा क्रम माझ्या मते असा. आधी 'लाइव्ह/डेड', नोव्हेंबर १९६९. कार्यक्रमाच्या जागी १६ ट्रॅकचं यंत्र नेऊन केलेला हा रॉकमधला पहिला अल्बम. मूळ तबकडीची पहिली बाजू म्हणजे एकच 'डार्क स्टार', २३ मिनिटं. ते आणि 'सेंट स्टीफन' २७ फेब्रुवारी १९६९ चं, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमधलं. त्याला लागून येणारं 'दि इलेव्हन' महिनाभर आधीचं, २६ जानेवारीचं, ॲव्हलॉन बॉलरूममधलं. सांधा कानाला जाणवत नाही.

मग 'अँथम ऑफ द सन', १९६८. यात वेगवेगळ्या रात्रींचं थेट वादन आणि स्टुडिओतलं काम एकावर एक रचलेलं आहे. निर्माता डेव्ह हॅसिंजर मध्येच काम सोडून गेला, इतका त्याचा पसारा झाला होता. इथे एक खबरदारी घ्या. 'अँथम' आणि 'ऑक्सोमोक्सोआ' दोन्हींची १९७१ मध्ये नव्याने मिश्रणं झाली, आणि पुढे बरीच वर्षं बाजारात तीही फिरत राहिली. मूळ मिश्रण जास्त दाट आणि विक्षिप्त आहे. पन्नाशीच्या आवृत्त्या (२०१८ आणि २०१९) घेतल्यात तर दोन्ही रूपं शेजारी शेजारी मिळतात. आधी मूळ ऐका. १९७१ चं 'अँथम' स्वच्छ आहे, पण त्या अल्बमची जादू त्याच्या गढूळपणातच आहे, असं माझं ठाम मत.

आणखी एक खूण: मिकी हार्ट सप्टेंबर १९६७ मध्ये दुसरा ड्रमर म्हणून आला, फेब्रुवारी १९७१ ला बाहेर पडला आणि ऑक्टोबर १९७४ ला परतला. म्हणजे १९७१ ते ७४ या काळात ड्रमर एकच. तो काळ चपळ आणि जॅझकडे झुकणारा आहे. दोन ड्रमर असताना तेच गाणं जड आणि रुंद होतं. तारीख निवडताना हे आधी पाहा.

फीत_आणि_फिरकी

टेपांबद्दल लिहितो. आर्काइव्हवरचा पसारा नीट समजला की भीती जाते.

एसबीडी म्हणजे मिक्सरच्या टेबलावरून थेट घेतलेलं रेकॉर्डिंग. एयूडी म्हणजे श्रोत्यांत मायक्रोफोन उभारून केलेलं. मॅट्रिक्स म्हणजे दोन्ही जुळवून एक केलेलं. एसबीडी नेहमीच सरस, हा समज सोडा. लहान सभागृहात गिटारचा आवाज त्याच्या ॲम्पमधूनच पुरेसा पोचतो, टेबलावर त्याची गरज कमी असते. मग एसबीडीत गाणारा आवाज छातीवर आणि गिटार शेजारच्या खोलीत, असा प्रकार होतो. शिवाय सभागृहाची हवा त्यात नसते. १९८० च्या दशकात चांगल्या मायक्रोफोनांनी केलेल्या एयूडी कित्येकदा जास्त जिवंत आहेत. ऑक्टोबर १९८४ पासून बँडने टेप करणाऱ्यांसाठी टेबलाच्या मागे अधिकृत जागाच राखून ठेवली, त्यामुळे तिथून पुढच्या एयूडींचा दर्जा बराच सारखा आहे.

बाणांची माळ म्हणजे त्या प्रतीची वंशावळ. 'मास्टर रील > डॅट > सीडी > फ्लॅक' (डॅट म्हणजे डिजिटल टेप, फ्लॅक म्हणजे दर्जा न घटवता साठवलेली फाइल) असं असेल तर डोळे मिटून घ्या. 'मास्टर > कॅसेट > कॅसेट > कॅसेट > डॅट' असेल तर प्रत्येक कॅसेटमागे सरसर वाढत गेली आणि वरचे स्वर झडत गेले. मधल्या एका प्रतीत डॉल्बी बी, म्हणजे कॅसेटची सरसर कमी करणारी सोय, चुकलेली असू शकते. डॉल्बी लावून भरलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवून उतरवली तर आवाज कर्कश येतो. उलट झालं तर झांजा गोधडीत गुंडाळल्यासारख्या वाटतात. यावर इक्वलायझरचा उतारा अर्धामुर्धाच चालतो, कारण डॉल्बीचं काम आवाजाच्या पातळीप्रमाणे बदलतं. दुसरी प्रत शोधणं बरं.

जॅमच्या, म्हणजे उत्स्फूर्त वादनाच्या, ऐन मध्यात आवाजाचा पोत एकदम बदलला तर दचकू नका. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. साडेसात इंच वेगाने चालणाऱ्या १२०० फुटी रिळावर ३२ मिनिटंच मावतात. बाजू पालटताना किंवा रीळ बदलताना जे गळलं ते एयूडीने बुजवलेलं असतं. जुन्या प्रतींत दोन ट्रॅकांच्या सांध्यावर 'टक्' असा बारीक आवाज येतो तो वेगळा. सीडीवर एका सेकंदाचे ७५ भाग, म्हणजे प्रत्येक भागात ५८८ नमुने. फाइल त्या सीमेवर कापलेली नसली की सीडी भरताना उरलेली जागा शून्यांनी भरते आणि टक् वाजतं. पुढे त्या सीडीवरून उतरवलेल्या प्रत्येक प्रतीत तो आवाज कायमचा बसतो.

सगळ्यात जास्त छळतो तो वेग. टेप एक-दोन टक्के जलद किंवा संथ असणं अगदी नेहमीचं. तपासायची माझी पद्धत अशी:

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गाण्यांमधला शांत तुकडा निवडा, जिथे ॲम्पची गुणगुण ऐकू येते. वर्णपटाचा आलेख काढा आणि आकार ६५५३६ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलला त्यातून सुमारे ०.७ हर्ट्झइतकं बारीक वाचता येतं. १६३८४ ठेवलात तर पायरी पावणेतीन हर्ट्झची होते, ती इथे कुचकामी. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणून शिखर ६० वर हवं. त्याहून अचूक पाहायचं तर तिसरा गुणक बघा, तो १८० वर हवा. समजा तो १८३.६ वर दिसला, तर टेप २ टक्के जलद आहे. वेगाला ०.९८०४ ने गुणायचं, म्हणजे १.९६ टक्के कमी करायचा. वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्यायच वापरा. नुसता सूर बदलणारा वापरलात तर ठेका जलदच राहतो, वर आवाजाला एक खरबरीत कड येते.

दोन ठिकाणी फसगत होते. १९७२ च्या युरोप दौऱ्यातल्या टेपांत गुणगुण ५० हर्ट्झची आहे. तिथे ६० शोधत बसलात तर भलतंच उत्तर येईल. आणि कधी जवळजवळ चिकटलेली दोन शिखरं दिसतात, एक अगदी ६०.० वर आणि एक ६१ च्या आसपास. ६०.० वालं नंतर टेप उतरवताना मिसळलेलं असतं. हलकं सरकलेलं जे आहे ते मूळ रात्रीचं. त्यावरून हिशोब करा.

आर्काइव्हवर नोव्हेंबर २००५ पासून एसबीडी फक्त तिथेच ऐकता येतात, उतरवून घेता येतात त्या एयूडी. म्हणून वेगाची ही उठाठेव मुख्यतः एयूडींसाठी, किंवा आधीपासून कुणाकडे असलेल्या प्रतींसाठी.

एका प्रतीवर सुरुवात करायची तर ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचं बार्टन हॉल. बेट्टी कँटर-जॅक्सन यांनी केलेलं हे रेकॉर्डिंग. त्यांच्या टेपा १९८६ मध्ये भाड्याच्या गोदामातून लिलावात गेल्या आणि तिथून चाहत्यांत पसरल्या. २०१७ मध्ये अधिकृत आवृत्ती निघाली, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपणुकीच्या यादीतही हे रेकॉर्डिंग घेतलं आहे. सगळ्यांत श्रेष्ठ रात्र हीच का, यावर वाद घालणारे घालोत. ध्वनीचा समतोल इतका चोख क्वचितच मिळतो, नव्या श्रोत्याला तेवढं पुरे.

सोल्डरगन

भिंतीबद्दल मी सांगतो. आकडे एकदाच देतो: सुमारे २६,००० वॉट, जवळपास ६०० स्पीकर, ताकद मॅकिंटॉशच्या एमसी-२३०० ॲम्पांची, एकूण वजन ७५ टनांच्या घरात. पण यातला विचार मोठेपणाचा नव्हता, स्वच्छतेचा होता.

त्या काळी गाणं, ड्रम, पियानो, सगळं एकाच मुख्य यंत्रणेतून बाहेर पडायचं. एकच स्पीकर बेसचा ठोका आणि गाणारा आवाज एकदम वाजवू लागला की बेसने पुढे-मागे ढकललेल्या स्पीकरच्या कागदी पडद्यावर गाण्याचा आवाज हेलकावतो, आणि मूळ दोन्हींत नसलेले नवेच स्वर तयार होतात. गिचका होतो तो यामुळे. आउस्ली स्टॅन्ली उर्फ बेअर, अलेम्बिक कंपनीचे रॉन विकरशॅम, डॅन हीली या मंडळींनी काढलेला मार्ग असा: प्रत्येक वाद्याला स्वतंत्र ॲम्प, स्वतंत्र स्पीकर. दोन वाद्यांची भेट हवेतच व्हायची, तारेत नाही. लेशच्या बेसच्या तर चार तारांना चार वेगळे मार्ग देता येत.

स्पीकर उभ्या उंच रांगांत लावले होते. उंच रांगेतून आवाज वर-खाली फारसा सांडत नाही, समोर जातो. एकाच जागेच्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. लांब रांगेच्या जवळच्या पट्ट्यात तो ३ डेसिबलनेच उतरतो, त्यामुळे मागच्या श्रोत्यालाही बरंच स्पष्ट ऐकू यायचं. आज मोठ्या कार्यक्रमांत मंचाच्या दोन बाजूंना स्पीकरच्या वाकलेल्या माळा टांगलेल्या दिसतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. बँडचा वारसा म्हणून लोक टी-शर्टवरची कवटी दाखवतात. माझ्या लेखी वारसा तो नव्हे, हा.

ही भिंत बँडच्या मागे उभी होती. श्रोत्यांना जे ऐकू येई तेच वादकांना, वेगळे मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) नाहीत. इथे नवी अडचण उभी राहते. गाण्याचा मायक्रोफोन स्पीकरच्या समोर आला की शिट्टी वाजणारच. त्यावर उतारा म्हणून प्रत्येक गायकाला एकाच जातीचे दोन मायक्रोफोन दिले, एकावर एक, ६० मिलिमीटर अंतरावर, एकाची जोडणी उलटी. भिंतीचा आवाज दोन्हींवर सारखा पडतो, उलटसुलट होऊन कटतो. गायक मात्र वरच्याला ओठ लावून गातो, त्यामुळे त्याचा आवाज वरच्यात जास्त, खालच्यात कमी, आणि फरक तेवढा शिल्लक राहतो.

ही यंत्रणा एका रात्रीत झाली नाही. ९ फेब्रुवारी १९७३ ला स्टॅनफर्डच्या मेपल्स पॅव्हिलियनमध्ये आधीचं रूप लावलं, तेव्हा पहिल्याच सुरांना सगळे ट्वीटर (वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर) जळाले. पूर्ण भिंत उभी राहिली २३ मार्च १९७४ ला, सॅन फ्रान्सिस्कोलगतच्या काऊ पॅलेसमध्ये.

मोडली ती पैशापायी. उभारायलाच इतका वेळ लागे की मंचाचे दोन संच ठेवून एक पुढच्या गावी आधीच रवाना करावा लागे. ट्रक, माणसं, आणि त्यात १९७३ च्या अखेरीला तेलाचे भाव भडकलेले. ऑक्टोबर १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात पाच रात्री वाजवून बँड थांबला. १९७६ ला नियमित दौरे पुन्हा सुरू झाले ते आटोपशीर यंत्रणेवर.

पाचवी_तार

फार उपयोगी माहिती, आभार. १९७४ ची दोन-तीन रेकॉर्डिंग लगेच लावून पाहिली. गाण्याचा आवाज पातळ, कधी एकदम गायब झाल्यासारखा वाटतो. हा टेपचा दोष की त्या दोन मायक्रोफोनांचा?

सोल्डरगन

मायक्रोफोनांचा. हिशोब करून पाहा. ओठ वरच्या मायक्रोफोनपासून २ सेंटिमीटरवर असतील तर खालच्यापासून सुमारे ६.३ सेंटिमीटरवर पडतात. म्हणजे खालच्यात आवाज १० डेसिबलने कमी, वजाबाकी झाली तरी भरपूर उरतो. आता गायक मागे सरकून १५ सेंटिमीटरवर गेला. खालचं अंतर होतं १६.२. फरक जेमतेम ०.६ डेसिबल, आणि गायकाचा आवाज भिंतीच्या आवाजासारखाच कटून जातो. खालचे स्वर आधी जातात, कारण त्यांची तरंगलांबी मोठी, दोन्ही मायक्रोफोनांवर ते जवळपास एकाच अवस्थेत पोचतात. राहतो तो पातळ, नाकातला भाग. वरच्या पट्टीत तर उलटही होतं: सुमारे २८०० हर्ट्झला ६० मिलिमीटर म्हणजे अर्धी तरंगलांबी, तेव्हा वरून किंवा खालून आलेला आवाज कटायच्या ऐवजी वाढतो. गाता गाता मान वळवायची सवय असलेल्या गायकाचं या यंत्रणेत काही खरं नव्हतं. १९७४ ऐकायचं ते वाद्यांसाठी, त्यातही बेस आणि पियानोसाठी.

तकिट

झाकीरभाईंचा मुद्दा राहिला. नुसती मैत्री मुळीच नाही.

एक दुवा आधीचा. १८ जून १९६७, माँटेरे पॉप महोत्सवाचा शेवटचा दिवस. दुपारी रविशंकर आणि झाकीरभाईंचे वडील अल्लारखाँ, संध्याकाळी त्याच मंचावर ग्रेटफुल डेड. मिकी हार्ट तेव्हा बँडमध्ये नव्हता. पुढे तो अल्लारखाँकडे शिकला, आणि बँडच्या वादनात विषम मात्रा शिरल्या त्याला हे शिक्षणही कारण आहे.

'दि इलेव्हन' ११ मात्रांचं आहे. पाश्चात्त्य श्रोते ते मोजताना चाचपडतात, आपल्याला सोपं आहे: तकिट तकिट तकिट तक. तीन-तीन-तीन-दोन. 'लाइव्ह/डेड'वर 'सेंट स्टीफन' संपून हे सुरू होतं तिथे हातावर टाळी धरा. दोन आवर्तनं चुकतील, तिसऱ्याला सम सापडेल. मग फिल लेश समेला टाळून कुठे कुठे जातो ते ऐका. १९७० मध्ये हे गाणं कार्यक्रमांतून गळालं, म्हणून १९६८-६९ च्याच टेपा बघा.

'प्लेइंग इन द बँड'चा मुख्य तुकडा १० मात्रांचा. झपतालाची २-३-२-३ खंडं त्यावर लादू नका, ४-४-२ मोजा. 'एस्टिमेटेड प्रॉफेट' सातचं आहे, पण क्रॉइट्झमन दोन आवर्तनं जोडून १४ मात्रांचा एक संथ ठेका धरतो. रूपक मोजायला गेलात तर ड्रम तुम्हाला सारखा मध्येच आल्यासारखा वाटेल. आणि 'डार्क स्टार' स्वरांनी मिक्सोलिडियन आहे, म्हणजे आपला खमाज थाट, षड्ज ए धरून. कोमल निषाद ओळखीचा वाटेल. पण राग शोधू नका. चलन, वादी-संवादी असं काही त्यात नाही, आणि नसण्यात कमीपणाही नाही.

माहीमला वाढलेले झाकीर हुसेन १९७० मध्ये अमेरिकेला गेले आणि सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेजात शिकवू लागले. मिकी हार्टचं घर तिथून जवळ. हार्टच्या १९७२ च्या 'रोलिंग थंडर' अल्बमवर अल्लारखाँ आणि झाकीर दोघांचीही नावं आहेत. पुढे कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या तालवाद्यवृंदातून 'दिगा ऱ्हिदम बँड' उभा राहिला, १९७६ ला 'दिगा' हा अल्बम आला. त्यातल्या दोन तुकड्यांत जेरी गार्सिया वाजवतो. पैकी 'हॅपिनेस इज ड्रमिंग' नीट ऐका, तीच चाल पुढे शब्द लावून 'फायर ऑन द माउंटन' झाली. बी आणि ए अशा दोनच कॉर्डांवर ते झुलत राहतं. वर कॉर्नेलची शिफारस आहे, त्या रात्री दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला 'स्कार्लेट बेगोनियाज'ला जोडून हेच आहे. आधी 'दिगा' आणि लगेच कॉर्नेल, असं ऐकलंत की मुंबईच्या तबल्याची वाट कुठवर गेली ते कानांनाच कळतं.

१९९१ चा 'प्लॅनेट ड्रम' हा हार्ट-झाकीर जोडीचा पुढचा मोठा टप्पा. त्यात घटमवादक विक्कू विनायकरामही आहेत. जागतिक संगीताचं पहिलं ग्रॅमी त्याला मिळालं.

एकतारी

उत्तम धागा. एक जोडप्रश्न: गार्सियाच्या गिटारचा तो 'वॉव' असा बोलल्यासारखा आवाज, 'एस्टिमेटेड प्रॉफेट'मध्ये येतो तो, म्यू-ट्रॉन या पेडलचा आहे हे ठाऊक आहे. पण साधा एन्व्हलप फिल्टर लावून तसं येत नाही. आवाज कमी केला की पेडल बोलायचंच थांबतं.

सोल्डरगन

कारण क्रम. एन्व्हलप फिल्टर येणाऱ्या सिग्नलच्या जोरावर उघडतो. गिटारचा व्हॉल्यूम कमी केलात की फिल्टरला जोरच मिळत नाही. गार्सियाने गिटारमध्येच फेरा बसवून घेतला होता: पिकअपचा पूर्ण सिग्नल आधी बाहेर पेडलांकडे जातो, पेडलांतून परत गिटारमध्ये येतो आणि मग व्हॉल्यूमच्या नॉबमधून ॲम्पकडे. त्यामुळे आवाज कितीही हळू केला तरी फिल्टरला कायम पूर्ण ताकद. यासाठी तीन टोकांचा जॅक आणि दोन वाहकांची केबल लागते.

गिटार न कोरता करायचं तर गिटारचा व्हॉल्यूम १० वर ठेवा, त्यानंतर फिल्टर, आणि व्हॉल्यूम पेडल फिल्टरच्या नंतर. ऐंशी टक्के काम होतं. संवेदनशीलता अशी लावा की हलक्या आघाताला फिल्टर जेमतेम हलावा आणि जोराच्या आघाताला पुरता उघडावा. बहुतेक जण ती फार चढवतात, मग प्रत्येक स्वर सारखाच 'वॉव' करतो आणि बोलणं संपतं.

फेरा कोरूनच घ्यायचा असेल तर पिकअपनंतर लगेच बफर (सिग्नल केबलमध्ये कमकुवत होऊ न देणारं छोटं सर्किट) बसवा. केबलची धारकता मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. गिटार ते पेडल ५ मीटर आणि परत ५ मीटर, म्हणजे १००० पिकोफॅरड झाली, आणि बफर नसेल तर तेवढ्यात वरचे स्वर बसतात. बफरचा वर्धनांक १ च ठेवा. पेडलांचा फेरा बंद-चालू करताना आवाजाची पातळी बदलली तर तो चुकला समजा. आणि ॲम्प स्वच्छ हवा. त्याच्याकडे फेंडर ट्विन रिव्हर्बचा पुढचा भाग, मग मॅकिंटॉशची ताकद आणि जेबीएलचे १२ इंची स्पीकर होते. चिरकणाऱ्या ॲम्पमध्ये फिल्टरचं उघडणं-मिटणं दबून जातं.

फीत_आणि_फिरकी

गिटारवाल्यांनी सराव करताना २७ ऑगस्ट १९७२, व्हेनिटा, ऑरेगन हेही घ्यावं. 'सनशाइन डेड्रीम' नावाने २०१३ मध्ये अधिकृत निघालं, त्यातलं 'डार्क स्टार' अर्ध्या तासाचं. एकच ड्रमर असलेल्या काळातलं हे सर्वात मोकळं वादन, असं मी मानतो. मात्र वाजवताना आपली गिटार ट्यूनरवर अडवून ठेवू नका. त्या दिवशी उघड्या माळावर शंभर अंश फॅरनहाइटच्या वर ऊन होतं, तारा सैलावत होत्या आणि वादक सूर लावता लावता हैराण झाले होते. गाण्यागणिक सूर थोडा सरकतो तो टेपमुळे नाही, उन्हामुळे. त्यावरून वेग दुरुस्त करायला गेलात तर चांगली टेप बिघडेल.